कुरवंड्याचा माणूस

मास्तरांनी न सांगता पवनच्या कानाखाली आवाज काढला.

“अरे बाप रे! क्यों मारा?” पवन गाल धरून ओरडला.

“झालं. मेलास तू,” मास्तर म्हणाले. “गेटावर असा वरडलास की तितनंच माघारी.”

वलवणच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये बाकीची पोरं वेल्डिंगचे गॉगल वर करून हसली. उद्या आपलाही गाल तिथं असणार, हे ठाऊक असूनही हसली.

मास्तर मूळचे कुरवंड्याचे. बाहेरून पोटासाठी आलेल्यांना ते या शेडमध्ये फुकट वेल्डिंग शिकवायचे. शुक्रवारी दुपारी शेड बंद, एरवी रोज चालू. कुणी बिहारचा, कुणी नेपाळचा. पवन झारखंडचा. त्याचं गाव कोळशाच्या खाणीनं गिळलं आणि गिळून झाल्यावर गावातल्या एकालाही खाणीत काम दिलं नाही. बायको आणि तान्ही पोरगी घेऊन तो इथं आला. काम मिळालं नाही तर परत जावं म्हटलं, तरी तिकडे आता नुसता खड्डा होता.

पोराचा हात मात्र चांगला. त्याच्या जोडावर घण घातला तर शेजारचा पत्रा फाटायचा, जोड सुटायचा नाही.

टाकव्याच्या रस्त्यावरच्या एका कारखान्याला वेल्डर हवे होते. साहेबाला जोड बघायचा होता, गाव नाही. गाव बघायला फाटकाबाहेर निलेशची टोळी बसायची. वर ‘काम फक्त भूमिपुत्रांना’ असा फलक, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांवर जन्मात कधी हातात रॉड न धरलेले भूमिपुत्र. आधार कार्ड ते बघायचे नाहीत. कार्ड काय, कुणीही बनवतं म्हणायचे. त्यांची पद्धत वेगळी. आलेल्या माणसाला गप्पांत घ्यायचं आणि फाडकन थोबाडीत द्यायची. मार बसला की माणूस आईच्या भाषेत ओरडतो. मराठीत ओरडला तर आत. नाहीतर आणखी मार. साहेब काचेआडून बघायचे आणि पडदा ओढून घ्यायचे.

म्हणून मास्तर मारत होते.

“भाकर मराठीत मागाया कुनीबी शिकतंय, पवन्या. राग मराठीत आला पायजे.”

“पण मास्तर, तुम्ही मारता एकदम सही.”

“सही न्हाई. बरुबर म्हन. आता सांग, गाव कुटलं?”

“कुरवंडं.”

“शाळंमागं कोन ऱ्हातं?”

“सरूबाई.”

“तिची म्हस कशीय?”

“मारकी. पन सरूबाई म्हशीपरास मारकी.”

शेड दणाणलं. मास्तर डोळे पुसत म्हणाले, “ह्यो आता आमच्या गावचाच झाला!”

नुसतं म्हणून थांबले नाहीत. त्याला घरी नेलं, कुरवंड्याच्या गल्ल्या पायाखालून घातल्या. मास्तरांच्या आईनं त्याला समोर बसवून जेवायला वाढलं, पोरीसाठी अंगडं शिवून दिलं. “ह्यो माजा धाकला,” म्हातारी शेजारणीला सांगायची.

आणि मग शेडची जागाच विकली गेली. तिथं कुठल्याशा रिसॉर्टच्या गाड्या लागणार होत्या.

“गाड्यांना जागा हाय, मानसाला न्हाई,” मास्तर पेटून म्हणाले. चिडून त्यांनी मशीन भंगारवाल्याला दिलं. मग थोड्या वेळानं शांतपणे म्हणाले, “कारखान्यात दोन जागा हायेत म्हनं. तुज्यासंगं मीबी येतो. म्हातारीच्या औषधाचं तरी भागंल.”

सोमवारी सकाळी दोघं फाटकावर गेले. पवन पुढं, मास्तर मागं.

“कुटला रं तू?” निलेशनं विचारलं.

“कुरवंड्याचा.”

“मग काय, रोज नागफणीच्या कड्यावर जाऊन फोटू काडत असशील?”

“फोटू शेरातली काडत्यात. आमी तितनं गुरं हुसकून काडतो.”

टोळी खदाखदा हसली. निलेशही हसला, आणि हसता हसता त्याचा हात सुटला. फाडकन.

“आयला! मारतूस का रं? हात मोडून ठिवीन!”

 मग निलेशनं पवनला मिठीच मारली.

“असा गडी पायजे! बगा रं, ह्याला म्हनत्यात हितला मानूस! ए, चहा द्या ह्याला.”

पवननं चहा घेतला. गाल पेटला होता, ऊर भरून आला होता. त्यानं मागं बघितलं. मास्तर फाटकापाशी उभे होते आणि लेकाचं लग्न लागल्यासारखे हसत होते.

“तू रं?” निलेश त्यांच्याकडे वळला.

“मीबी कुरवंड्याचाच.”

“नाव?”

“युनूस.”

निलेशचं हसू गेलं. हात उचलायची तसदीही त्यानं घेतली नाही. नुसतं बोटानं रस्ता दाखवला.

“मारून तर बग,” मास्तर म्हणाले. “कुटल्या भाषंत वरडतो ते बग की.”

“तुमी लोकं समद्या भाषा शिकूनच येता.”

“येता? कुटनं येता? माज्या आज्याची कबर हाय कुरवंड्यात! ह्ये घे, कार्ड बग माजं.”

“कबर काय, कुनीबी कुटंबी खनतंय.” निलेशनं कार्ड उडवून दिलं. ते रस्त्याकडेच्या चिखलात पडलं. मास्तरांनी ते उचललं नाही. ते तसेच छातीला छाती भिडवून उभे राहिले. टोळीतले दोघं खुर्च्यांवरून उठले.

“थांबा रं,” निलेश म्हणाला. “उगा कुनी म्हनाया नको, आमी हितल्या मानसाला हाकललं. ह्याच्या गावचा गडी उबाच हाय की हितं. ए गड्या, हिकडं ये. ह्यो तुमच्यातला हाय का, तूच सांग. तू व्हय म्हन, आत्ताच्या आत्ता सोडतो आत.”

मास्तरांचे खांदे सैल पडले. राग उतरला. पवनकडे बघून ते हलकेच हसले.

पवननं हातातला कप खाली ठेवला. मास्तरांच्या तोंडाकडे नीट बघितलं, अगदी पहिल्यांदाच बघावं तसं.

“न्हाई भाऊ,” तो म्हणाला. “आमच्या गावात असलं कुनी ऱ्हात न्हाई.”