प्रशासन सज्ज

"ताई, चेहरा दाखवू तुमचा? की पाठमोरं घेऊ?" निनादने मोबाइल आडवा धरत विचारलं. पनवेलच्या एका न्यूज पोर्टलचा तो बातमीदार.

"दाखवा की. मी काय चोरी केलीय?" शाजिया फणकारली.

तिचा मुलगा जिब्रान सरकारी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये फरशीवर निजला होता. डेंग्यू. सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला बांधलेली. शेजारी कुणीतरी ओकलेलं, त्यावर वर्तमानपत्र टाकून सगळे मोकळे झालेले. शी! गुरंसुद्धा कुणी अशी ठेवत नाही.

आणि निनादच्याच पोर्टलवर काल सकाळपासून काय झळकत होतं? 'डेंग्यूशी लढण्यास प्रशासन सज्ज, स्वतंत्र वॉर्डात मुबलक खाटा.' सोबत पांढऱ्याशुभ्र चादरींचा फोटो. वॉर्डाची फीत कापायच्या आधी काढलेला. संपादक कमलाकरांनी तोच पुन्हा चिकटवला आणि खाली सरकारी जाहिरात. लाज कशाशी खातात, ठाऊक नाही यांना.

"तुमची बातमी वाचूनच आले मी तळोज्याहून," शाजिया कॅमेऱ्यात बघून बोलू लागली. "खाटा आहेत म्हणे! कुठायत? काल दुपारपासून पोरगं फरशीवर आहे. वॉर्डात घेतल्याशिवाय प्लेटलेट्स चढवत नाहीत. आज नाही चढवल्या तर... या अल्लाह!"

निनादने रेकॉर्डिंग थांबवलं.

"आमच्याच बातम्या वाचून ओकारी येते मला," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता.

"मग लावा ना हे, भाऊ!"

"आधी इथल्या मोठ्या डॉक्टरसाहेबांची प्रतिक्रिया घ्यावी लागते. पद्धत आहे आमची. पण क्लिप बघितली ना, की साहेब लोक खडबडून जागे होतात. मागच्या वेळी लगेच खाट निघाली होती."

शाजियाने डोळे पुसले. तेवढ्यात निनादचा फोन वाजला. बहीण होती, अनुया.

"हो गं, साहेबांकडेच निघालोय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "जरा दम धर."

"अल्लाह तुमचं भलं करो," शाजिया म्हणाली. "तुमच्या घरच्यांना सलामत ठेवो."

निनाद मान खाली घालून निघाला.

दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर दिनानाथ यांनी क्लिप पाहिली आणि चहाचा कप बाजूला सारला.

"हे लावणार तुम्ही?"

"तुमची प्रतिक्रिया मिळाली की."

"अहो, उद्या मंत्र्यांचा दौरा आहे! वरचे मलाच फाडून खातील." त्यांनी घाईघाईने वॉर्डात फोन लावला. "सिस्टर, ती कोपऱ्यातली खाट... हो, राखून ठेवलेली. मोकळी आहे ना?"

म्हणजे होती! लेकरं फरशीवर तडफडतायत आणि खाट कुणा बड्या माणसासाठी झाकून ठेवलेली. निनादच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली.

"एकच आहे हं," डॉक्टर म्हणाले. "देतो. पण ती क्लिप?"

निनादने त्यांच्यासमोरच क्लिप पुसून टाकली. डॉक्टरांनी हुश्श केलं आणि बेल दाबली.

"चला, त्या पोराला आत घ्यायला सांगतो."

"पोराला नको, साहेब," निनाद म्हणाला. "बाहेर रिक्षात माझी आई आहे."