कार्डाची मागची बाजू

हॅलिफॅक्समधल्या ॲक्रॉइडबाईंनी शेगडी दुरुस्त करायला बोलावलं होतं. दारातच त्यांनी माझं गॅसमिस्त्रीचं कार्ड उलटं केलं आणि मागे छापलेली परवानगीची कामं बोट ठेवून वाचली. शेगडी झाली, चहा झाला. मग त्या म्हणाल्या, "आलायसच तर बॉयलरही बघ ना, बाळा. दहा मिनिटांचं काम." "छे, बाई! कार्डावर बॉयलर नाही. काही चुकलं, विषारी वायू घरात पसरला, तर सकाळी कुणी उठायचं नाही." त्यांनी माझी बाही धरली. "पुन्हा म्हण. मोठ्यानं. वर मुलींना ऐकू जाऊ दे." भिंतीवरच्या बॉयलरच्या नळ्या केव्हाच कापलेल्या होत्या. शेजारी दोन मुलींचा फोटो होता. "आधीच्या मिस्त्रीनंही कार्ड दाखवलं होतं," बाई पुटपुटल्या, "पुढचीच बाजू." मी जिन्याकडे तोंड करून तेच ओरडलो. "ऐकलंत ना गं?" बाईंनी वर पाहिलं. "उठा आता."