ज्या गाडीत पाय ठेवायचा नाही

“शब्द दिलास ना, मग तो पाळायचा,” हे सासऱ्यांनी यांना लहानपणापासून बजावलेलं. वेगवान रेल्वेच्या खर्चाविरुद्ध सभा झाली, तेव्हा यांनी माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर शब्द दिला, “हा पैसा आपल्या दवाखान्यांचा होता. जीव गेला तरी मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही.” टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

आज सकाळी नणंदेचा फोन आला. “वहिनी, बाबांना फार धाप लागलीय. इथल्या दवाखान्यात डॉक्टरची जागा अजून रिकामीच आहे. संध्याकाळ काढतील असं वाटत नाही. दादाला लवकर पाठव.”

साध्या गाडीनं तिथं पोचायला रात्र होते, वेगवान गाडीनं दोन तास लागतात. यांनी बॅग भरली आणि चेन लावता लावता तिथंच खाली बसले.

“अहो, अशा वेळी देवसुद्धा माफ करतो,” मी हळूच म्हटलं.

“देवाचं नाही गं. बाबांनीच विचारलं, कशानं आलास, तर काय सांगू?”

स्टेशनवर जाऊन यांना साध्या गाडीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. “घराकडे बघ,” म्हणाले. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी उभी राहिले.

मग जिना चढून पलीकडे वेगवान गाडीच्या फलाटावर गेले. शेवटच्या घडीला तुमचा हात धरून बसेन, असा शब्द सासऱ्यांना मीही दिला होता.