हळदीच्या गाण्यांची नक्कल

"नाव सांग, अक्का. कॅसेटी कोणी भरून दिल्या तेवढं सांग, म्हणजे तुझी सुटका होईल," पंडित तिसऱ्यांदा म्हणाला.

तानुबाईनं चहाची बशी त्याच्यापुढे सरकवली. "मीच भऱ्यात. बटन दाबता येस माले."

पंडितचं धुळ्यात आग्रा रोडला कॅसेटचं दुकान होतं. दोन लग्नसराया कंपनीची 'हळदीची गाणी' त्याच्याकडे हातोहात खपली. कव्हरवर नथ घातलेली देखणी पोरगी, आत अस्सल अहिराणी गाणी. तिसऱ्या वर्षी खप एकदम बसला. चौकशी केली तर कुसुंब्याच्या बाजारात ही म्हातारी गोणपाट टाकून तीच गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून विकत होती. ना कव्हर, ना नाव, आणि अर्ध्या किमतीत.

पंडितनं कंपनीला एक कार्ड टाकलं. खाली सही केली नाही.

पोलीस येतील, दम देतील, कॅसेटी उचलून नेतील, एवढंच त्याला वाटलं होतं. पण कंपनीनं मुंबईहून वकील पाठवला. खटला उभा राहिला. कायद्यात कमीत कमी सहा महिने शिक्षा आहे हे पंडितला तेव्हा कळलं. वर, असली माल विकणारा म्हणून साक्षीदारांत त्याचंच नाव घातलं होतं. तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता. आणि म्हातारीला वाटत होतं, हा भला माणूस आपल्या काळजीपोटी धुळ्याहून इतक्या लांब आपल्या घरी येतो.

"तुला कोणीतरी पुढे केलंय, अक्का."

तानुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "ज्यानी माले पहिली कॅसेट दिधी, त्यानी लुगडं नेसाडं, बहीण मानं. म्हने, आपली गोट कोनले सांगू नको. मी हा म्हनं. आते भाऊना शब्द कसा मोडू?"

असा आहे तर प्रकार! कुठला तरी बेरकी माणूस लुगडं देऊन नामानिराळा राहिला होता. पंडितला त्याचा संताप आला आणि, खोटं कशाला बोला, जरा बरंही वाटलं. आपल्यापेक्षा मोठा पापी कोणीतरी होता.

"तुन्हा दुकानमां ती कॅसेट खपस का रे?" तिनं मध्येच विचारलं.

"खपते की."

"लोकेस्ले आवडस?"

"खूप आवडते."

ती पदराआड हसली. डोक्यावर खटला, आणि म्हातारीला धंद्याची चौकशी सुचते, असं पंडितच्या मनात आलं. कार्डाची गोष्ट त्याच्या ओठांपर्यंत आली होती. ती गिळून तो उठला.

खटल्याच्या दिवशी तिच्या आधी एका बैलचोराला तीन महिने झाले. मग तानुबाईला उभं केलं. टेपवर आधी कंपनीची कॅसेट वाजली, नंतर तिची. कोर्टात हळदीचं गाणं घुमलं तसे दारातले शिपाईसुद्धा माना डोलवायला लागले. तानुबाई खाली बघत होती. तिचे ओठ हलत होते. कानबाईचा धावा करत असेल बिचारी, असं पंडितला वाटलं.

"ही असली, ही नक्कल. बरोबर?" वकिलानं त्याला विचारलं.

"होय," पंडित म्हणाला. आणखी चार शब्द बोलता आले असते. ही गरीब आहे, लेकीबाळींना कॅसेटी फुकटही वाटते, एवढं तरी सांगता आलं असतं. पण तोंड उघडलं तर ते कार्डही बाहेर पडेल, या भीतीनं तो साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरला.

मॅजिस्ट्रेट माणूस चांगला होता. त्यानं तानुबाईला विचारलं, "बाई, ही गाणी कोणाची?"

"बठ्ठ्या बायास्ना गाना शेतस, साहेब. मी मायपाईन शिकनू."

"गाणी सगळ्या बायांची असतील," वकील हसून म्हणाला, "पण रेकॉर्डिंग कंपनीचं आहे."

"कायद्यानं मला सहा महिने द्यावेच लागतात," मॅजिस्ट्रेट म्हणाला. "काही खास कारण असेल तर कमी करता येतात. आहे काही कारण? सांगून टाका."

तानुबाईनं पदर तोंडाशी नेला.

"नही, साहेब."

सहा महिने. वर दंड, आणि तो भरला नाही तर आणखी तीन महिने. पोलीस तिला गाडीकडे नेत होते तेव्हा पंडित कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता. तिनं जाता जाता त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू कसाले जीवले लाई लेस, भाऊ?"

या हातापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी कंपनीचा रेकॉर्डिंगवाला हिलाल दुकानात आला. जळगावचा हा माणूस सहा महिने सुरतेला होता, सकाळीच परतला होता. पंडितनं ठरवलं, आता लपवायचं नाही. कार्ड आपण टाकलं हे सांगायचं आणि वरच्या कोर्टात कंपनीनं नमतं घ्यावं म्हणून याच्या पाया पडायचं.

"हिलालभाऊ, एका म्हातारीसाठी तुमच्या साहेबांकडे शब्द टाकायचा आहे."

"टाकू की. आधी माझं काम ऐका," हिलाल खुर्ची ओढत म्हणाला. "कंपनीला 'हळदीची गाणी'चा दुसरा भाग काढायचा आहे. जळगावात मेहरूणला खोली घेतली, पेटीवाला ठरला. परवा रेकॉर्डिंग."

"मग ती कव्हरवरची पोरगी येणार असेल मुंबईहून?"

"ती?" हिलाल खो खो हसला. "तिचा नुसता फोटो हो. तिला अहिराणीचा एक शब्द येत नाही. खेड्यातल्या बाईचं तोंड कव्हरवर कोण बघणार, म्हणून तिला नथ घालून बसवली. गाणारी तर इथली, तुमच्या कुसुंब्याची. तानुबाई नाव. एका लुगड्यावर गायली. तिचं घर तेवढं दाखवा."