मा? हवी

सात महिन्यांचा निहार रडला, की त्याला काय म्हणायचंय ते पाळण्यावरच्या पडद्यावर उमटायचं. आज उमटलं, ‘आई, मा? हवी. तोंडात घालायचीय.’

“माती!” रेवती हादरलीच. माती खावीशी वाटते म्हणजे जंत, नाहीतर अंगात रक्त कमी. निहारला कडेवर घेऊन तिने पाळण्याच्या कंपनीला फोन लावला.

“ताई, माती म्हणाला असता तर मातीच दिसली असती,” तिकडून तंत्रज्ञ लोखंडे म्हणाले. “आमचा सर्व्हर पडद्यावरच्या मजकुराला चुकीचा अक्षरसंच लावतोय. त्यात बाकी सगळं आहे, फक्त ळ नाही. जिथे ळ, तिथे प्रश्नचिन्ह.”

“मग त्याला हवंय तरी काय?”

“ळ घालून वाचा की.”

रेवतीने वाचलं आणि मान खाली केली. निहार मघापासून तिच्या गळ्यातली मोत्यांची माळ ओढत होता. मोती गिळला म्हणजे? तिने घाईघाईने माळ ओढणीखाली लपवली. निहारने भोकाड पसरलं.

“अक्षरसंच बदललाय, ताई. बघा बरं, ळ येतोय का?”

रेवतीने पडद्याकडे पाहिलं.

“येतोय,” ती म्हणाली. “‘बावळट’मध्ये अगदी स्वच्छ आलाय.”