चौथ्या आणि पाचव्या चित्राच्या मध्ये

“टोक टेकव, श्वास रोख. रेघ ओढ, हात सोड.”

ती सात वर्षांची असताना, ड्रॉइंग बोर्डवर तिचा हात धरून बाबा असं म्हणायचे. आज जेवणाच्या टेबलावर बत्तीस कार्डं मांडताना तिला ते पुन्हा ऐकू आलं. एका कार्डावर एक पायरी, एका पायरीला एक चित्र.

ती संगणकावर घरांचे नकाशे काढायला शिकवायची. मागच्या खेपेचे अर्धे लोक दुसऱ्या दिवसापासून फिरकलेच नव्हते. का, ते कुणी सांगितलं नाही. सोमवारी नवे येणार होते. तेही गळाले तर वर्ग बंद, असं संचालकांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणून ही सचित्र पुस्तिका. कधी माउस न धरलेल्या माणसालाही, कुणाला काही न विचारता, तिच्यावरून एक साधं दार काढता आलंच पाहिजे, असा तिचा हट्ट होता.

तसा माणूस घरातच होता. एकोणीस वर्षांपूर्वी ऑफिसात संगणक आले, त्याच आठवड्यात बाबांनी हातानं नकाशे काढायची ड्राफ्ट्समनची नोकरी सोडली होती. डोळे साथ देत नाहीत म्हणाले. तेव्हापासून रोज संध्याकाळी आई त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत आली होती.

“मी एक शब्द बोलणार नाही, बाबा.” तिनं लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. “कार्ड बघायचं आणि तसं करायचं.”

“आणि चुकलं तर?”

“तर कार्ड चुकलं. तुम्ही नाही.”

मटार सोलता सोलता आई म्हणाली, “बघ हो. नव्या टीव्हीच्या रिमोटला वर्षभर हात लावला नव्हता ह्यांनी.”

पहिलं कार्ड झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्यावर रेघ होती. बाबांनी इथे क्लिक केलं, तिथे क्लिक केलं. रेघ उमटली, सरळ, स्वच्छ. त्यांनी रोखलेला श्वास सोडला आणि माउस जरासा सरकवला. तशी त्या रेघेच्या टोकातून दुसरी रेघ निघाली आणि पडद्यावरच्या बाणामागे धावली. ते डावीकडे गेले, तीही डावीकडे. ते वर गेले, तीही वर. झटकून टाकायला त्यांनी पुन्हा क्लिक केलं, तर आणखी एक चिकटली. दाराच्या जागी कोळ्याचं जाळं झालं.

बाबांनी हात मांडीवर ओढून घेतला. “असू दे,” ते म्हणाले. “डोळे दुखायला लागले.”

ती कार्डांकडे बघत राहिली. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. रेघ संपली की तिचं बोट आपोआप कीबोर्डच्या कोपऱ्यात जायचं, न सांगता, न विचारता. बोटाला ठाऊक होतं, म्हणून कागदावर आलंच नव्हतं.

“हे बटण दाबा. वरचं, डाव्या कोपऱ्यातलं.”

बाबांनी दाबलं. झोप लागलेल्या लेकरानं बोट सोडावं, तशी रेघ सुटली.

तिनं कोरं कार्ड घेतलं, त्यावर ते एकच बटण काढलं आणि चौथ्या-पाचव्याच्या मध्ये सारलं. मग पाचापासून बत्तीसपर्यंतचे अठ्ठावीस आकडे खोडून नव्याने घालायला बसली.

“बटण लाल कर,” बाबा म्हणाले. “आणि खाली लिही, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं.”

“सगळ्यांचं कुठे, बाबा? करायला बसलात ते तुम्ही एकटेच.”

बाबांनी टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाकडे बोट केलं. “त्या शेवटच्या चित्रातली बिजागरी केसभर तिरकी आहे.”

ती उठली, कार्ड उचललं, खिडकीशी नेऊन निरखलं. होती.

तेवढ्यात आई थेंबांची बाटली घेऊन आली. “करा मान वर.”

बाबांनी आईचा हात धरून हलकेच खाली केला.

“डोळ्यांना काही झालं नव्हतं गं माझ्या. तेव्हाही ती रेघ अशीच चिकटली होती. आजूबाजूला सगळी माझ्याच हाताखाली शिकलेली पोरं. त्यांना विचारायची लाज वाटली.”