चार बोटं अंतर

दुकानदार कर्टिसने रायफलीवर बसवायची अकरावी दुर्बीण काउंटरवर ठेवली आणि आर्लीनला आधीच्या दहांतली एकही आठवेना.

सगळ्या काळ्या, सगळ्या वीतभर लांब, सगळ्यांवर आकडे. तीन-नऊ-चाळीस. चार-बत्तीस. हे गुणायचे की वजा करायचे, तेही तिला कळत नव्हतं. एक सव्वाशे डॉलरची, तिच्या शेजारची नऊशेची, आणि दोन्हींतून भिंतीजवळचं पेंढा भरलेलं अस्वल तिला सारखंच दिसलं. गावच्या शाळेत तीस वर्षं चारशे पोरांचा स्वयंपाक अंदाजाने करणारी बाई ती. आज नेमका कुठला डोळा मिटायचा, इथपासून तिला शिकायचं होतं.

विचारावं, तर नवऱ्याने, रोलंडने, बजावून ठेवलं होतं. दीडशेच्या आतली घे आणि नीघ, प्रश्न विचारत बसू नकोस, हसतात तिथली माणसं. तो स्वतः बाहेर गाडीत बसला होता. पाच आठवड्यांपूर्वी त्याची छाती उघडून पुन्हा शिवली होती आणि हॉस्पिटलने दिलेली लाल उशी कवटाळल्याशिवाय त्याला गाडीत बसवत नव्हतं. त्या उशीसकट या दुकानात पाऊल टाकण्यापेक्षा त्याने दुसरं ऑपरेशन करून घेतलं असतं.

शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडत होता. रायफलीचा धक्का त्याच्या छातीला यंदा चालणार नव्हता. दीर ड्वेनने गोड आवाजात सांगून टाकलं होतं की रानातलं मचाण रिकामं ठेवत नाहीत, तिथे आपला जावई बसेल. तो जावई एकदा बसला की उठणार नाही, हे सगळं घर जाणून होतं. तेव्हा आर्लीनच बोलून गेली, मी बसते. ड्वेन पोट धरून हसला. रोलंड हसला नाही. त्याच्या जुन्या दुर्बिणीत आतून धुकं धरलं होतं, म्हणून ही नवी.

"किती लांबून मारणार, आर्लीनबाई?" कर्टिसने विचारलं.

आता काय सांगायचं? तिने एक आकडा मनात धरला, तो फारच मोठा वाटला, दुसरा धरला. तिकडे दुसरं गिऱ्हाईक, म्हातारा गस, हातमोजे घालून बघायचं सोडून कान टवकारून उभा होता. 

"कर्टिस, मला यातलं ओ की ठो कळत नाही रे," ती म्हणाली, आणि हसण्याची वाट बघत उभी राहिली.

कर्टिस हसला नाही. मचाणावरून काय दिसतं, एवढंच त्याने विचारलं. सफरचंदाचं जुनं झाड दिसतं, ती म्हणाली, हरणं तिथेच येतात. झाड किती लांब? ते तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं रोलंडला कॉफीचा थर्मास नेऊन देत होती ती.

"आमच्या मागच्या दारापासून गोठा आहे ना, तेवढंच."

"म्हणजे ऐंशी पावलं," कर्टिस म्हणाला आणि एकेक करत दहा दुर्बिणी काउंटरवरून उचलून आत ठेवल्या. उरली एकच, सगळ्यांत साधी, चार पट मोठं दाखवणारी. सव्वाशेची.

आर्लीनचा जीव भांड्यात पडला. तिने ती उचलली आणि डोळ्याला पार चिकटवली. कर्टिसने हलकेच तिचा हात मागे ओढला.

"इतकी जवळ नाही, बाई. बार उडाला की ही मागे येते. चार बोटं अंतर ठेवायचं. नाहीतर असं होतं." त्याने टोपी वर सरकवली. उजव्या भुवईवर पांढरी चंद्रकोर होती, मळलेल्या कणकेत नख रुतावं तशी. पहिल्याच मोसमात मिळाली, म्हणाला.

गसने चष्मा काढला. "माझ्या दोन आहेत. पहिलीने अक्कल आली नाही."

दोघं खदाखदा हसले. आर्लीनला हसू येईना. ती त्या चंद्रकोरीकडे बघत राहिली. हीच जागा, हाच आकार. चौतीस वर्षं ती शेजारच्या उशीवर, रोलंडच्या भुवईवर, तिला दिसत आली होती. दहा टोकांच्या शिंगांच्या हरणाने मरता मरता मान उडवली, त्याची ती खूण, असं तो सांगायचा. दर नाताळला जेवणानंतर ती गोष्ट व्हायची आणि दर नाताळला हरीण थोडं मोठं व्हायचं.

उद्या रायफल आणा, बसवून देतो, असं कर्टिस म्हणाला. ती खोका घेऊन गाडीत येऊन बसली.

"हसले?" रोलंडने विचारलं.

"हसले. मला नाही." तिने दुर्बीण खोक्यातून काढली. "चार बोटं लांब धरायची म्हणे. नाहीतर भुवई फुटते."

रोलंडचा हात आपसूक कपाळाकडे निघाला, अर्ध्यावर थांबला आणि उशीवर परत आला. शिंगांना टोकं नक्की किती होती, हा प्रश्न अगदी तिच्या ओठांवर होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने तो गिळला.

"मला भीती वाटते, रोलंड," ती म्हणाली.

 उशी बाजूला ठेवून, दात आवळून तो तिच्याकडे वळला. तिने दुर्बीण डोळ्यासमोर धरली होती. तिची भुवई आणि काच यांच्यामध्ये त्याने आपली चार बोटं आडवी धरली. 

"इथं," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलं नव्हतं."